कन्हानच्या रेतीत दोन वराती

बडादेवाची आण! माझ्या मेलेल्या मायची आण! अन् हे कमी पडत असन तं ह्या चुलीतल्या इस्तवावर हात ठेवते. पोट्टेहो, आता जे सांगून राहिली त्यातला शब्द न् शब्द खरा हाय! शोभाताई, तू आतापासूनच हासू नको. शेजारीण असली तरी तू शाळेतली मास्तरीण, तुले सारंच खोटं वाटते. पण ज्यायनं डोळ्यानं पाहिलं ते लोक अजून गिट्टीखदानात जिते हायत. जाऊन इचार.

माझं लगन अडुसष्ट सालच्या वैशाखात झालं. ऊन असं का बाप्पा, कावळे म्हशीच्या पोटाखालून पायी चालत. आमच्या कोंबड्यायनं त्या महिन्यात उकडलेलेच अंडे देल्ले. हासा, हासा. खाल्ले म्या, मीठ लावून.

आमचं गाव पिपरटोला, देवलापारच्या पुढं, जंगलात. आम्ही गोंड. मी उईक्यायची पोरगी, सहा देवांची. नवरदेव मडावी, सात देवांचा. आमच्यात देव सारखे असले तं ते भाऊबहीण, तिथी लगन नाई होत. देव येगळे निघाले म्हणून सोयरीक जुळली. त्याचं नाव देवराव. बाप नव्हता त्याले. मायसंगं शहरात, गिट्टीखदानात ऱ्हाये अन् गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उतरवे. म्या त्याले एकच डाव पाहिलं होतं, रामटेकच्या बाजारात. तो माझ्याकडे असा पाहत राहिला का बकरीनं त्याच्या हातातली अर्धी मेथी खाल्ली, तरी त्याले पत्ता नाई. म्या तवाच म्हटलं, हा चालते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, साऱ्या गमतीचं मूळ तेच हाय. आमच्या गोंडायत पोरगा वरात घेऊन येत नाई. पोरगी जाते! आपलं गाव घेऊन, ढोल वाजवत, पोराच्या घरी जाते. मांडव पोराच्या दारात. पोराकडचे लोक शिवेवर सामोरे येतात, वऱ्हाड्यायचे पाय धुतात, दोन्हीकडून शिव्यायचे गाणे होतात, अन् मंग मानानं नवरीले घरी नेतात. माझी माय तशीच आली, तिची माय तशीच आली.

पण माझी होणारी सासू, प्रयागबाई, शहरातली झाली होती. गल्लीतल्या बाया तिले टोचत, "काहून वं प्रयागबाई, तुमच्यात नवरी सोताच चालत येते म्हणे? अन् नवरदेव दारात बसून वाट पाहते, गाय कवा घरी येते म्हणून?" तिच्या जिव्हारी लागलं. म्हणे, "थांबा! माझा देवराव घोड्यावर जाईन. बँडबाजा लावून जाईन. गल्लीनं तोंडात बोट घालावं असा जाईन!"

अन् तिनं निरोप धाडला. हे नाई म्हणता येत का निरोप आला नाई. तिचा चुलतदीर मारोतराव एसटीनं देवलापारले उतरला, तिथून पायी आमच्या गावात आला. पण रस्त्यात मोहाची दारू गाळणारे पाहुणे लय. प्रत्येकाच्या घरी पाणी पेला, अन् पाणी कोणाच्याच घरी नव्हतं.

माझ्या बापाले म्हणे, "धोंडबा इवाई, तुम्ही येऊ नका. आम्हीच येऊन राहिलो. नवरदेव घोड्यावर येते."

बापानं त्याच्या तोंडाचा वास घेतला. "मारोतराव, कुठी कुठी थांबत आला गा?"

"खोटं नाई इवाई, बडादेवाची आण! नवरदेवच येते!"

"अन् घोड्यावर?"

"घोड्यावर!"

"मंग नवरी काय मांडव डोक्शावर घेऊन पळते?"

सारा गाव हासला. तो सांगे, गाव हासे. पुन्हा सांगे, पुन्हा हासे. शेवटी तो सोताच हासाले लागला. त्याले जेवू घातलं, चिंचेखाली झोपवलं, अन् वरात निघाली तवा तो आमच्याच गाडीत चढून बसला, वऱ्हाडी म्हणून! आता आमचं चुकलं असं म्हणू नका. कोणी येऊन सांगतलं का उद्या कन्हान उलटी वाहणार हाय, तं तुम्ही घागरी उलट्या धरान काय?

तेंदूपत्त्याचे दिवस होते. सारा गाव पानं तोडाचं सोडून माझ्यासाठी निघाला. पाच बैलबंड्या. ढोल, टिमक्या, सनई. बाप म्हणे, "मांडवाचा खांब मोहाचाच लागते. शहरात मोह कुठून आणतीन ते?" म्हणून त्यानं आमच्या दारातल्या मोहाले तांदूळ वाहले, दारूची धार देल्ली, झाडाले इचारलं अन् मंगच एक फांदी तोडली. माणसाएवढी, शेंड्याले हिरवागार पाला. हिरवी असताना रोवली पाहिजे, वाळकी फांदी मांडवात चालत नाई. मंग तिले ओलं लुगडं गुंडाळलं अन् माझ्या बंडीत ठेवली.

दिवस उगवता उगवता जंगलखात्याच्या नाक्यावर नाकेदारानं दोर आडवा केला.

"हिरवं लाकूड हाय काय गा गाडीत? पास दाखव."

माझ्या बापाचे कान लाल झाले. मले माहीत होतं आता तो काय बोलणार. फुलं आम्ही वेचाचे, पानं आम्ही तोडाचे, वणवा लागला तं आम्ही इझवाचा, अन् आपल्या दारातल्या झाडाची एक फांदी नेली तं पास! बरोबरच होतं त्याचं. पण तो बोलला असता तं माझं लगन नाक्यावरच लागलं असतं, नाकेदारासंगं भांडता भांडता. म्या काय केलं, फांदी उचलून आपल्या बाजूले बसवली, लुगड्याचा पदर तिच्या शेंड्यावरून खाली ओढला, अन् तिच्या खांद्यावर हात टाकून बसली.

नाकेदार वाकून पाहे. "हे कोण?"

"माझी बहीण."

"बोलत काहून नाई?"

"लाजते साहेब. अन् तोंड आलं हाय तिले."

"हिरवट वास कायचा येऊन राहिला?"

"पाल्याचा रस लावला ना तोंडाले."

"हिचंबी लगन हाय काय?"

"मंग! त्याच मांडवात उभी ऱ्हाणार हाय."

खोटं कुठी बोलली वं शोभाताई? मांडवातच तं उभी ऱ्हाणार होती! नाकेदारानं दोर सोडला, अन् माझ्या बहिणीले हात जोडून म्हणे, "सुखी ऱ्हा माय." तिचा शेंडा हवेनं हालला. त्याले वाटलं, मुंडी हालवली.

बाप पुढं गेल्यावर म्हणे, "तुळसे, एखाद्या दिवशी तुह्या जिभेलेच पास लागन."

ऊन तापलं का थांबाचं, उतरलं का चालाचं, असं करत दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हानले पोचलो. वैशाखातली नदी. एका अंगाले पाण्याची धार, बाकी सारी रेती, अन् रेतीत टरबुजाच्या वाड्या. बैल सोडले. बायायनं मले न्हाऊ घातलं, पिवळं लुगडं नेसवलं. पोरायनं पाचोळा पेटवून ढोलाचे कातडे शेकाले घेतले. शेकल्यावर ढोल असा बोलते का पोटातलं जेवण नाचते.

तेवढ्यात पुलावरून एक ट्रक आला. इंजिनातून वाफा निघून राहिल्या होत्या. डायवरानं पाण्यासाठी ट्रक खाली रेतीकडं घेतला. पाहतो तं काय! ट्रकात घोडा उभा. घोड्याशेजारी माणूस उभा. दोघायच्याबी कपाळाले झालरी! मागं बँडवाले, लाल कोट घालून, घामानं भिजलेले.

मारोतराव आमच्या बंडीत उभाच झाला. दोन्ही हात वर केले अन् बोंबलला, "सांगतलं होतं ना! बडादेवाची आण, सांगतलं होतं ना!"

ट्रकातून एक ठेंगणी बाई उतरली, पदर खोचलेला. तीच प्रयागबाई.

"इवाई! तुम्ही इथी काहून?"

"वरात घेऊन आलो," बाप म्हणे. "तुम्ही इथी काहून?"

"आम्हीबी वरातच आणली!"

मंग जे भांडण लागलं! बाप म्हणे, "नवरी घरून निघाली का लगन लागल्याबिगर माघारी येत नाई. मी काय तोंड दाखवू देवाले? चला मांघं, मांडव घाला दारात." प्रयागबाई म्हणे, "अन् मी मांघं फिरली तं गल्ली काय म्हणन? गेली होती घोडा घेऊन, आली घोडा घेऊन! तुम्हीच चला मांघं, तुमच्या गावात लावू लगन." कोणी म्हणे आमची रीत, कोणी म्हणे तुमची रीत काय चाटाची हाय. अन् मंग गर्दीतून एक जण म्हणालाच, "मोडा ना मंग सोयरीक!"

मले देवराव पाहिजे होता. अन् मले माझ्या मायसारखंच जायाचं होतं, आपला ढोल वाजवत, आपल्या गावासंगं, कोणाच्या मांघं मुंडी खाली घालून नाई. दोन्ही पाहिजे होतं मले. अन् दोन्ही त्या रेतीत बुडून राहिलं होतं. त्यात फांदीचा पाला उन्हानं मऊ पडाले लागला होता.

बँडमास्तरले वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे. त्यानं बाजा वाजवला. आमच्या पोरायले तेवढंच पाहिजे होतं! इकडून ढोल सुरू. तिकडून पितळेचे भोंगे, इकडून टिमक्या. तो जोरात, हे अजून जोरात. पुलावर माणसं थांबले, सायकली थांबल्या. जवळच्या कोळशाच्या खाणीतून सुटलेले मजूर रेतीत उतरले अन् नाचाले लागले, कोणाचं लगन हाय ते न इचारताच! अन् ढोलाच्या दणक्यानं फट! वाडीतलं एक टरबूज फुटलं. कोणी हात लावला नव्हता. फट! दुसरं. फट फट फट! लालभडक गर रेतीवर.

वाडीवाली कांताबाई झोपडीतून धावत आली. "अवं माय वं! माझे टरबूज! लगन लावा नाई तं मोडा, पण माझ्या वाडीतून ढोल काढा!"

पण फुटलेलं टरबूज कोण सोडते? दोन्हीकडचे वऱ्हाडी खाली बसले अन् खाऊ लागले. खाता खाताबी भांडत होते. बिया उडत होत्या.

तेवढ्यात प्रयागबाई माझ्या बंडीजवळ आली, सूनमुख पाहाले. पाहते तं दोन पदर!

"अवं, ह्या दोन काहून? माझा पोरगा एकच हाय!"

मी तोंड उघडाच्या आत मांघून घोडा आला. पाण्यासाठी खाली उतरवला होता त्याले. त्यानं नाक फेंदारलं, माझ्या बहिणीचा वास घेतला, दातानं पदर ओढला अन् कचाकच तिचा शेंडा खाल्ला.

"घोड्यानं नवरी खाल्ली!" कोणीतरी किंचाळलं. बँडवाल्याचा भोंगा मधीच थांबला. पुलावरची एक बाई चक्कर येऊन पडली. नाकेदार तिथी असता तं तोबी रडला असता.

तवा देवराव धावला. बाशिंग तिरपं, नव्या धोतरात पाय अडकलेला, तसाच. त्यानं घोड्याच्या जबड्यात हात घातला. "सोड बे! सोड! मांडवाचा मोह हाय तो!" अन् फांदी ओढून काढली. हाताले घोड्याचे दात लागले, रक्त आलं, पण फांदी सोडली नाई. छातीशी धरून उभा राहिला.

माझ्या बापानं टरबुजाची फोड खाली ठेवली. शहरात वाढलेला पोरगा, कापडाचे गठ्ठे उतरवणारा, अन् मोहाचं पान वळखते! बाप माझ्याकडं पाहे, मंग त्याच्याकडं पाहे. भांडणानं लाल झालेले त्याचे कान आता निवले होते.

साऱ्यायचं ध्यान तिकडं होतं. इकडं प्रयागबाई माझ्या बंडीवर चढली, माझी हनवटी धरली, मेळ्यातला बैल पाहावा तसं तोंड वर केलं, दात पाहिले अन् कानात म्हणे, "दात बरे हायत." अन् उतरून गेली.

मंग मले काय झालं कोण जाणे. मी बंडीत उभी राहिली. नवरीनं बोलाचं नसते. पण म्या आवाज देल्ला, "बाबा! वरात आपलीच जाईन. अन् घोडाबी जाईन!"

"म्हणजे कसं वं?"

"घोड्यावर मी बसते!"

बाप्पा! नदीची धारबी थांबली असन तवा. बँडमास्तरनं टोपी काढली. कांताबाई टरबुजाची फोड हातात धरून तशीच. प्रयागबाईनं कपाळावर हात मारला अन् बोंबलली, "नवरी घोड्यावर? लोक काय म्हणतीन? अवं, कुठी पाहिलं असं? नाई, नाई, नाई!" पुलावरच्यायलेबी नीट आयकू जाईन अशा आवाजात.

साऱ्यायनं आमच्या भुमकाकडं पाहिलं. भुमक म्हणजे आमचा पुजारी. म्हातारा, त्याच्या तोंडात टरबुजाची फोड. त्यानं आधी फोड संपवली. बिया थुकल्या. तोंड पुसलं. मंग म्हणे, "पोराकडचे शिवेवर सामोरे आले. नवरीसाठी वाहनबी आणलं. मंग रीत मोडली कुठी? शीवच जरा लांब, कन्हानपर्यंत आली. धुवा पाय!"

पोट्टेहो, जो गलका झाला! प्रयागबाईनं नदीचं पाणी घागरीनं आणून आमच्या वऱ्हाड्यायचे पाय धुतले. आमच्या बाया गोंडीत तिच्या नाकावर गाणं म्हणत होत्या, ती त्यायच्या डोक्शातल्या उवायवर गाणं म्हणत होती. तिले गोंडी गाणं येते हे गिट्टीखदानात कोणालेच माहीत नव्हतं! अन् देवराव? हात फडक्यात गुंडाळलेला, घोड्यापुढं वाकला अन् मले म्हणे, "खांद्यावर पाय दे." बस एवढंच. आमचं पहिलं बोलणं ते.

म्या पाय देल्ला.

घोडा चालला. मी वर, पिवळं लुगडं, हातात लगाम नाई, त्याच्या मानेचे केस धरून. पुढं देवराव, खांद्यावर मोहाची फांदी. मांघं बंड्या, त्यायच्या मांघं ट्रक, त्यात म्हातारे अन् पोरं. बँडवाल्यायले आमच्या ढोलाची चाल जमत नव्हती, पण कामठी येईपर्यंत जमली. असं वाटे का ते भोंगे जन्मले तवापासून तेच वाजवून राहिले. कामठीत दुकानदार बाहेर आले. एक म्हातारा म्हणे, "कोणती राणी हाय गा?" आमचा मारोतराव म्हणे, "गोंडायची हाय. दुसऱ्या कोणाची असन?" त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं म्हणणं कोणी हासण्यावारी नेलं नाई.

दिवेलागणीले गिट्टीखदानात पोचलो. गल्ली सारी दारात उभी. ज्या बायायनं टोमणे मारले त्याच पुढं. त्यायचे तोंड असे उघडे का चिमण्यायनं घर बांधलं असतं. प्रयागबाई ट्रकाच्या बोनटवर चढून उभी राहिली. तापलेल्या बोनटवर, अनवाणी! अन् म्हणे, "पाहून घ्या! आमच्यात असंच असते! आमची नवरी घोड्यावर येते, बाजा लावून येते, गाव घेऊन येते. तुमच्यासारखी डोळे पुसत नाई येत!"



लोकायनं घाईघाईनं बांबू आणून दारात मांडव घातला. मधी मोहाची फांदी रोवली. शेंडा घोड्याच्या पोटात होता, खाली चारदोन पानं उरले होते. बापानं काळजीनं भुमकाकडं पाहिलं. भुमकानं पानं बोटानं चाचपले. म्हणे, "हिरवे हायत. चालते." अन् त्या फांदीभोवती आम्ही फिरलो. घोडा बाजूले बांधला होता, तो सारखा मान लांब करे.

ही बातमी जंगलात कशी पसरली म्हणता! पत्र नाई, फोन नाई. पुढच्या उन्हाळ्यात मोह पडाच्या आत साऱ्या गावायले माहीत. पारशिवनीकडच्या एका पोरीनं हट्टच धरला, घोडा नाई तं वरात नाई. दुसरी म्हणे, मले घोडा नको, मले ट्रकात पुढं बसवा, डायवरच्या बाजूले. म्हातारे चिडले. आमच्या गावात सभा भरली का हे आपल्या रीतीत बसते का नाई. दिवसभर भांडले. शेवटी भुमक उठला, म्हणे, "रीत हे हाय का पोरगी जाते. कशावर बसून जाते ते तिचं तिनं पाहावं. मले घरी जाऊ द्या, भूक लागली."

काय वं शोभाताई? अशी काय पाहून राहिली? मास्तरणीसारखी?

बरं. बरं बाप्पा! एक गोष्ट म्या आपल्या मनानं घातली. टरबुजं नाई! टरबुजं फुटले, कांताबाई म्हातारी होईपर्यंत सांगे. घोड्यानं बहीण खाल्ली तेबी खरं, देवरावच्या हातावर दातायचे वण मरेपर्यंत होते. कोंबड्यायचे अंडेबी खरे.

ते प्रयागबाई माझ्या कानात बोलली ना, ते तेवढं. ती म्हणाली होती, "पोरी, तू घोड्यावर बस. तू म्हण, मी नाई म्हणते. मी माझ्या लग्नात जंगलातून पायी आली, पायाचे साल निघाले होते. कोणाले सांगू नको, नाई तं गल्लीत माझा रुबाब जाईन."

दात तं तिनं पाहिलेच नाई.